‘काहीच खात नाही’वर साखरेचा उतारा

चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण साडेतेराशे उष्मांक लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घालून दिलेल्या मर्यादेनुसार, वरून मिसळलेल्या साखरेचा वाटा त्यात दहा टक्क्यांच्या आत हवा. पाच टक्क्यांच्या आत राहिला तर आणखी चांगले. पाच टक्के म्हणजे सतरा ग्रॅम, चहाचे जेमतेम चार चमचे. मध, गूळ आणि फळांचा रसही याच खात्यात मोजायचा. ‘आम्ही साखर देतच नाही, गूळ देतो’ म्हणणाऱ्यांनी हे जरा नीट ऐकावे.

आता एखाद्या पाच वर्षांच्या मुलाची सकाळ पाहा. कपभर दुधात चॉकलेटी पावडर. ती आधीच गोड असली तरी वर चमचाभर साखर, नाहीतर ‘कप तोंडाला लावत नाही’. सोबत क्रीमची दोन बिस्किटे. डब्यात जॅम लावून गुंडाळलेली पोळी, किंवा केचपमध्ये बुडवून खायचे काहीतरी. केचप आंबट लागते खरे, पण त्यात साधारण पाव हिस्सा साखर असते. मधली सुट्टी व्हायच्या आत दिवसाचा कोटा संपलेला असतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना साखरेची माहिती देणारे फलक, ‘शुगर बोर्ड’, लावायला सांगितले, तेव्हा पत्रकात आकडे दिले होते: ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या उष्मांकांत साखरेचा वाटा १३ टक्के, ११ ते १८ वर्षांच्या मुलांत १५ टक्के.

फलक लावावेत, त्यांना विरोध असण्याचे कारण नाही. पण पहिलीतले मूल स्वतःचे दूध स्वतः ढवळत नाही. साखर घालणारा हात मोठ्यांचा असतो, आणि बहुतेक वेळा तो लाडापेक्षा धास्तीने चालतो. ‘डॉक्टर, हा काहीच खात नाही हो!’ हे वाक्य बालरोगतज्ज्ञांना दिवसातून किती वेळा ऐकावे लागते, ते त्यांनाच विचारावे. साखरेचा प्रश्न आणि न खाणाऱ्या मुलाचा प्रश्न वेगळे काढले, तर दोन्ही सुटत नाहीत. मूल उपाशी राहील या भीतीवर साखर हा घरोघरी चालणारा उतारा आहे.

ती भीती बव्हंशी निराधार असते. जन्मतः तीन किलोचे बाळ वर्षभरात नऊ किलोच्या आसपास पोहोचते. दुसऱ्या वर्षी त्यात भर पडते अवघी दोन-अडीच किलोंची. वाढीचा वेग असा उतरल्यावर भूक कमी होणारच. आईला मात्र वाटते, ‘आधी किती छान खायचा!’ त्याच सुमारास नव्या चवीची धास्ती सुरू होते आणि दोन ते सहा या वयात ती सर्वांत तीव्र असते. गोड चव जन्मापासून आवडते, कडू नकोशी वाटते. मेथी-कारल्यापुढे तोंड फिरवणारे तीन वर्षांचे पोर आपल्या वयाला साजेसेच वागत असते. (वजन खरेच घटत असेल, घास गिळताना त्रास होत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरच हवेत.)

त्यात आपल्याकडे दुधावर अपार श्रद्धा. जेवला नाही ना, मग निदान दूध तरी पिऊ दे! दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पोटात गेले, की जेवणाला जागा उरत नाही. दुधात लोह जवळजवळ नसते, त्यामुळे रक्तही कमी राहते. मूल जेवत नाही म्हणून गोड दूध, आणि गोड दूध प्यायले म्हणून जेवण नाही, असे हे चक्र फिरत राहते.

मग खाणे मुलावरच सोडले तर? क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६ च्या सुमारास एक धाडसी प्रयोग सुरू केला. नुकत्याच अंगावरून सुटलेल्या पंधरा बाळांपुढे तीसहून अधिक साधे पदार्थ ठेवले जात: फळे, भाज्या, धान्ये, दूध, अंडी, मासे, कलेजी. परिचारिकेने चमचा हातात घेऊन गप्प बसायचे, बाळाने हात केला तरच भरवायचे. आग्रह नाही, कौतुक नाही, डोळे वटारणे नाही. बाळांनी चित्रविचित्र जेवणे जेवली, पण सगळी धडधाकट वाढली. मुडदूस झालेले एक बाळ तर आपणहून कॉडलिव्हर तेल पीत राहिले आणि बरे झाल्यावर त्याने ते सोडले. या प्रयोगातून ‘मुलांना सगळे कळते, हवे ते खाऊ द्या’ असा सोयीचा अर्थ अनेकांनी काढला. स्वतः डेव्हिसबाईंनी १९३९ मध्ये स्पष्ट सांगितले की खरी खोच पदार्थांच्या यादीतच होती. त्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हते. प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवून पुढचा प्रयोग करायची त्यांची इच्छा आर्थिक मंदीमुळे राहून गेली.

काय शिजवायचे, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे, खायचे की नाही, हे मुलाने. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची अशी वाटणी सुचवली. आपल्या घरांत नेमके उलटे चालते. मेनू मूल ठरवते आणि घास मोठे माणूस मोजते. पूर्वी चिऊ-काऊच्या नावाने, आता मोबाइल समोर धरून. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये छोट्या मुलांना सूप देऊन हेच तपासले. ‘सूप संपव’ असे सारखे सांगितलेल्या वेळी मुलांनी ते कमी खाल्ले आणि नावेही जास्त ठेवली. याच गटातल्या लीन बर्च यांचे आधीचे काम आमिषावर होते. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या सौद्यात मुलाला भाजी शिक्षा वाटू लागते आणि चॉकलेटचा भाव वधारतो. नवी भाजी आवडायला मात्र आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती चाखावी लागते. दोनदा नाकारलेली गवार ‘त्याला आवडत नाही’ म्हणून ताटातून कायमची हद्दपार करणे म्हणजे फार लवकर माघार घेणे.

साखरेवर नको ते आरोपही होतात. वाढदिवसाला केक खाऊन मुले धिंगाणा घालतात, तो साखरेमुळे नसतो. १९९५ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर तसा परिणाम आढळला नव्हता. खरा परिणाम संथ असतो. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून असलेले साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि खप झपाट्याने जवळजवळ दुप्पट झाला. गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत रेशनिंग अनुभवलेल्यांची आणि त्यानंतर जन्मलेल्यांची तुलना २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आली. पहिल्या गटात टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी होता. आपल्याकडे २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या दर दहा मुलांमागे एक मधुमेहाच्या उंबरठ्यावर दिसले.

आयांच्या धास्तीवर कंपन्यांनी दुकान थाटले, यात नवल नाही. २०२३ मध्ये एका समाजमाध्यमकर्त्याने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आली आणि तो उतरवावा लागला. पण बाण सुटला होता. बालहक्क आयोगाने कंपनीला जाब विचारला, कंपनीने त्याच वर्षअखेरीस साखर काहीशी घटवली आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितले, कारण असे सदर अन्नसुरक्षा कायद्यातच नाही. त्याच महिन्यात ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने दाखवले की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये वाढपामागे सरासरी पावणेतीन ग्रॅम साखर घातलेली असायची. स्वित्झर्लंडमधल्या बाळांच्या वाट्याला ती नव्हती. सहा महिन्यांतच सेरेलॅकच्या कंपनीने २१ पैकी १४ प्रकार शुद्ध केलेल्या साखरेविना देण्याचे जाहीर केले. म्हणजे साखरेशिवाय जमत होते तर!

चिलीने २०१६ पासून जादा साखरेच्या पाकिटांवर काळे अष्टकोन छापणे सक्तीचे केले, त्यांवरची कार्टून हटवली. गोड पेयांची खरेदी जवळपास चोवीस टक्क्यांनी घटली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात सुचवले ते पाकिटावर दर्जा दाखवणारे तारे. त्या गणितात तंतू, प्रथिने, सुकामेवा यांचे गुण साखरेच्या दोषातून वजा होतात. म्हणजे गोडमिट्ट पाकिटात थोडे बदाम आणि तंतू घातले की एखादा तारा वाढायचा. नाक्यावरच्या दुकानात मुलाचा हट्ट आणि मागची रांग सांभाळत उभ्या असलेल्या आजोबांना साखर जास्त आहे एवढेच कळायला हवे, आणि ते तारे मोजून कळणार नाही.