तूप नको, शरबत हवे!

इफ्तारच्या दस्तरखानावर हल्ली 'लो फॅट' बिस्किटे आणि गोड दह्याचे डबे मानाने येऊन बसले आहेत. आमचे मामूजान पोळीवरचे तूप पुसून टाकतात आणि शरबताचे तीन पेले रिचवतात!

त्यांना तरी दोष कसा द्यावा? १९६७ साली अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयविकाराचा ठपका चरबीवर ठेवला, साखरेला सांभाळून घेतले. त्यासाठी साखर उद्योगाने ६,५०० डॉलर मोजले होते, हे जगाला कळायला २०१६ उजाडले. तोवर बाजार 'लो फॅट'ने भरला होता. चरबी काढली की चव जाते. ती भरून काढायला बहुधा साखर किंवा स्टार्च येतो. डब्यावर पुढे मोठ्या अक्षरांत 'लो फॅट', साखर मात्र मागे, बारीक अक्षरांत.

म्हणून तळणावर तुटून पडावे असे नाही. खजुराने रोजा सोडावा, तहानेला साधे पाणी, सहेरीला अंडी, डाळ, बिनसाखरेचे दही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र रोजे धरताना भात-पोळी परस्पर बंद करू नये. रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारावे.