गायरान म्हणजे पडीक नव्हे! चारा हवा असेल तर आधी गवताला विसावा द्या

पाऊस सुरू झाला की गावोगावी दोन गोष्टी ठरलेल्या. गायरानात वृक्षारोपणाचे खड्डे खोदले जातात आणि हिरवं दिसताच सगळ्या गावची गुरं तिथंच सुटतात. आता त्यात सौर प्रकल्पांची भर पडली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० साठी उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी घेतल्या जात आहेत, त्यात गायरानंही आहेत. दिवसा वीज शेतकऱ्याला हवीच आहे. पण मग जनावरं चरायची कुठं, याचं उत्तर कुणी देत नाही.

मूळ घोळ 'पडीक' या शब्दात आहे. माळरान उजाड दिसतं, पण मारवेल, पवना ही गवतं तिथलीच. त्यांची मुळं माती धरून ठेवतात, पाणी जिरवतात. पहिल्या पावसात फुटलेला कोंब लगेच खाल्ला गेला तर मूळ कमजोर होतं. बी पडण्याआधीच माळ चरला गेला तर पुढच्या वर्षी नवं गवत उगवणार कुठून? चांगलं गवत संपलं की कुसळी, गाजरगवत आणि वेडी बाभूळ जागा घेतात. अशा माळावर दाट झाडं लावली तरी उपयोग नाही. सावलीत गवत मरतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढं गावानं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. गुरं माळावर सोडायची नाहीत, गवत विळ्यानं कापून गोठ्यात न्यायचं. जोडीला पाणलोटाची कामं झाली. चारा वाढला, तसं दूधही वाढलं.

पण चराईबंदीचा पहिला फटका कुणाला बसतो? ज्याला बांध नाही, वैरण नाही, फक्त चार-पाच शेळ्या आहेत त्याला. फिरत्या मेंढपाळालाही. त्यांना न विचारता केलेला ठराव टिकत नाही. रात्री कुंपण तुटतंच. म्हणून सगळं रान एकदम बंद करू नये. तीन-चार भाग पाडावेत, एक भाग बी पडेपर्यंत राखावा, बाकी चराईला खुले ठेवावेत, दरवर्षी पाळी बदलावी. राखलेल्या भागातल्या कापणीचा पहिला हक्क भूमिहीनांना द्यावा.

अतिक्रमणाचा प्रश्न वेगळाच. गावच्या सामाईक जमिनींवरचे बेकायदा कब्जे काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्येच राज्यांना बजावलं. तरी अनेक गावांत गायरान कागदावर एक आणि जागेवर निम्मं.

१५ ऑगस्टची ग्रामसभा हा विषय घ्यायची चांगली संधी आहे. त्याआधी मोबाईलवर महाभूलेखवर गायरानाचा सातबारा काढून बघा. क्षेत्र किती, इतर हक्कात नोंद काय, जागेवर शिल्लक किती, हे तिथं मोठ्यानं विचारा. गायरान गेल्यावर विचारून उपयोग नाही. वैरणीची पेंढी तेव्हा बाजारातूनच आणावी लागेल.