गुलाबाच्या संकरित जातींची पारख : एका हवामानाचा निर्वाळा दुसऱ्यास पुरेसा नाही

मृगाचा पाऊस सुरू झाला की राज्यातील रोपवाटिकांतून गुलाबाच्या कलमांची विक्री जोरात सुरू होते. कलमास बांधलेल्या चिठ्ठीवर परदेशी नाव असते, रंगीत चित्र असते आणि पुष्कळदा एखाद्या पारितोषिकाचा उल्लेखही असतो. ते पारितोषिक खोटे नसते. परंतु ते कोणत्या देशी मिळाले, तेथे पाऊस किती पडतो, उन्हाळा किती कडक असतो व जमीन कोणत्या प्रकारची आहे, याचा मागमूस त्या चिठ्ठीवर नसतो. त्यामुळे एकाच जातीचे कलम दापोलीच्या जांभ्या जमिनीत, पुण्याच्या बंगल्यापुढील वाफ्यात आणि अकोल्याच्या काळ्या रानात सारख्याच विश्वासाने लावले जाते. पहिल्या हिवाळ्यात फुले येतात, मालक संतुष्ट होतो. दुसऱ्या पावसाळ्यात पाने गळतात, तिसऱ्या उन्हाळ्यात फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येतात आणि कलम दगावते. दोष मात्र पाण्यास, खतास किंवा माळ्याच्या हातास दिला जातो. मुळात ती जात त्या ठिकाणी लावण्याजोगी होती काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न विचारला जात नाही, याचे कारण गुलाबाची पारख करण्याची रूढ पद्धत होय. ही पारख फुलाची होते, झाडाची होत नाही. प्रदर्शने बहुधा हिवाळ्यात भरतात. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या पठारावर रात्री थंड व दिवस निरभ्र असल्याने दुबळ्या झुडुपावरही एखादे देखणे फूल येऊन जाते. परीक्षकापुढे मेजावर ते एकच फूल असते. त्याच्या मागे उभे असलेले झुडूप भाद्रपदात पानांवाचून उघडे पडले होते, हे त्यास दिसण्याचा संभव नाही. उद्यानात अथवा शेतात लावावयाच्या जातीची निवड अशा निकालावरून करणे म्हणजे पोळ्याच्या दिवशी सजविलेल्या बैलावरून त्याच्या वर्षभराच्या कामाचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

आजच्या संकरित गुलाबांची घडण पाहिली म्हणजे ही अडचण अधिक स्पष्ट होते. ‘हायब्रिड टी’ या वर्गातील आद्य समजली जाणारी ‘ला फ्रान्स’ ही जात १८६७ साली फ्रान्समधील लियाँ येथे गिय्यो या रोपवाटिकाकाराने पुढे आणली. या वर्गात चीनकडील ‘टी’ गुलाबांचे रक्त आहे, व ते गुलाब उबदार हवेत सुखाने वाढणारे होते. परंतु पुढील शंभर वर्षांत निवड झाली ती मुख्यतः युरोप व अमेरिकेच्या थंड भागांत. तेथे हिवाळ्यात झाड तगते की नाही, ही पहिली कसोटी असे. महाराष्ट्रात त्या गुणाचा काडीचा उपयोग नाही. उलट, ज्या गुणांची येथे नितांत गरज आहे त्यांपैकी काही या प्रवासात हरवले. त्याच लियाँमध्ये पेर्ने-ड्युशे याने १९०० साली ‘सोलेई द’ऑर’ ही जात प्रसिद्ध केली. तिच्यामुळे बागेतील संकरित गुलाबांत गडद पिवळा व नारिंगी रंग आला. पण हा रंग ज्या पर्शियन पिवळ्या गुलाबापासून घेतला, तो पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशाचा रहिवासी असून काळ्या ठिपक्यांच्या रोगास फार लवकर बळी पडतो. रंगाबरोबर तो दोषही पुढील पिढ्यांत उतरला. पिवळ्या व नारिंगी जाती कोकणात पाने धरीत नाहीत, या तक्रारीचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

काळ्या ठिपक्यांच्या बुरशीस रुजण्यासाठी पान सुमारे सात तास सतत ओले राहावे लागते. पुण्यात वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व मधून मधून उघडीप मिळते; तेथे रोग येतो, परंतु झाड सावरते. दापोलीकडे ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पान सात तास काय, सात सात दिवस कोरडे होत नाही. तेथे रोगास बळी पडणारी जात आषाढातच नागवी होते. शिवाय भरगच्च पाकळ्यांची कळी अशा हवेत उमलतच नाही; बाहेरच्या पाकळ्या एकमेकींस चिकटून ती जागीच कुजते. कोकणासाठी गुलाब निवडताना पाकळ्यांची संख्या थोडी कमी असणे हा गुण मानावा लागेल. प्रदर्शनाच्या मेजावर मात्र हाच उणेपणा ठरतो!

विदर्भाची गोष्ट निराळी. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कडक उष्णतेत फूल लहान होते, पाकळ्या कमी भरतात, लाल रंग फिका पडतो व गडद मखमली जातींच्या पाकळ्यांच्या कडा करपून काळ्या पडतात. लाल कोळी व फुलकिडे यांचा जोरही त्याच वेळी असतो. तेथे वैशाखात फुले किती आली हे मोजण्यात अर्थ नाही. झाडाने पाने व फांद्या राखल्या काय, आणि पाऊस पडताच जोमदार फूट आली काय, हे पाहिले पाहिजे. महाबळेश्वरास उन्हाळा सौम्य, पण पाऊस ५००० मिलिमीटरहून अधिक व धुके दाट. पठारावर हिवाळ्यात भुरीचा उपद्रव होतो. तिला ओले पान लागत नाही, रात्रीचा गारवा व दमटपणा आणि दिवसाची कोरडी ऊब तिला मानवते. म्हणजे एकाच राज्यात एका ठिकाणी जो रोग जातीचा निकाल लावतो, तो दुसरीकडे गौण ठरतो.

यातच खुंटाचा प्रश्न गुंतलेला आहे व त्याकडे तर पूर्णच दुर्लक्ष होते. ग्राहक डोळ्याच्या जातीचे नाव विचारतो, खुंट कोणता हे विचारीत नाही. रोझा मल्टिफ्लोरा हा खुंट किंचित आम्ल जमिनीत चांगला. चुनखडीयुक्त जमिनीत त्यावरील झाडास लोह नीट मिळत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात. विम्ल व चुनखडीच्या जमिनीत रोझा इंडिका ओडोराटा हा खुंट अधिक तग धरतो, असा उत्तर भारतातील अनुभव आहे. मराठवाड्यातील काळ्या, चुनखडीच्या रानात मल्टिफ्लोरावरील कलम लावून ते पिवळे पडले, म्हणून वरच्या जातीस नापास करणे हा अन्याय होय.

परदेशातही ही गोष्ट एका दिवसात उमगली नाही. अमेरिकेत १९३८ साली सुरू झालेल्या योजनेत देशभरातील अनेक उद्यानांत जाती लावून दोन वर्षे गुण देत, आणि अखेरीस साऱ्या देशासाठी त्याच विजेत्या जाती जाहीर होत. फ्लोरिडाची दमट उष्णता व मिनेसोटाचे बर्फ यांना त्याच नावांनी संतुष्ट करण्याचा हा खटाटोप होता. ती योजना बंद पडल्यावर पुढे आलेल्या निवड-योजनेत विभागवार विजेत्या जाती जाहीर होऊ लागल्या. जर्मनीतील ‘एडीआर’ या परीक्षेत नव्या जातींची अकरा ठिकाणी तीन वर्षे पाहणी होते. १९९७ पासून तेथे रोग-किडींसाठी कोणतीही फवारणी केली जात नाही. एवढेच नव्हे, तर एकदा दिलेली मान्यता पुढे जात रोगास बळी पडू लागली तर काढूनही घेतली जाते. अनुकरण करावयाचे असेल तर या शिस्तीचे करावे. तेथे उत्तीर्ण झालेल्या जाती येथे जशाच्या तशा आणून लावणे, हे अनुकरण नव्हे.

भारतात या दिशेने मोठे काम झालेले आहे. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनी गव्हाची तांबेरा-प्रतिबंधक जात एन.पी. ८०९ (१९५४) सिद्ध करणाऱ्या संशोधनाचे नेतृत्व केले आणि त्याच दृष्टीने दिल्लीच्या हवेस मानवणारे अनेक गुलाबही निर्माण केले, ‘डॉ. होमी भाभा’ हा त्यांचा पांढरा गुलाब १९६८ चा. कोडाईकनाल येथील एम. एस. विराराघवन यांनी मणिपूरकडील रोझा जायगँटिया व ओल सहन करणारा रोझा क्लायनोफायला या भारतीय रानगुलाबांचा संकरासाठी उपयोग करून उष्ण प्रदेशासाठी निराळी वाट धरली. ही दोन्ही कामे अभिमानास्पद आहेत. तथापि दिल्लीची नदीकाठची गाळाची जमीन, तेथील खरी थंडी आणि थोडक्या दिवसांचा पाऊस यांची दापोलीशी तुलना होऊ शकत नाही. देशी पैदास झाली म्हणजे ती सर्व देशास मानवेल, असे धरून चालणे हाही परदेशी चिठ्ठीवरील विश्वासाचाच एक प्रकार आहे.

ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण १९६४ साली आला व संकरित ज्वारीने खरिपाचे चित्र पालटले. पण सोलापूर-नगरच्या रबी रानातून मालदांडी हटली नाही. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली ही ज्वारी जमिनीत उरलेल्या ओलीवर दाणा व कडबा दोन्ही देते. संकरित वाणाचा खरिपातील उतारा तिच्यापुढे तेथे कामास आला नाही. धान्याच्या बाबतीत हंगाम व जमीन पाहून जात ठरविणारा शेतकरी, फुलझाडाच्या बाबतीत मात्र चित्र पाहून खरेदी करतो, ही विसंगती आहे.

गुलाबातही शेतकऱ्यांनी एक निवड स्वतःच केलेली आहे. ‘ग्लॅडिएटर’ ही १९५५ मधील अमेरिकन जात. तिचा रंग प्रदर्शनाच्या दृष्टीने अलौकिक नाही. तरीही पुणे, नाशिक, सांगलीकडील उघड्या शेतांत दांडीच्या फुलांसाठी ती वर्षानुवर्षे टिकली, कारण झाड काटक, दांडा लांब आणि छाटणीनंतर फूट भरवशाची. कोणत्याही संस्थेने पदक न देता बाजाराने व मातीने मिळून हा निकाल दिला. मात्र तो मिळेपर्यंत किती शेतकऱ्यांनी किती जाती लावून उपटल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. हरितगृहातील डच जातींचा दाखला येथे गैरलागू आहे. तळेगावच्या हरितगृहांत हवामान माणूस घडवितो. त्या छपराखालील यशावरून बाहेरच्या वाफ्यातील वर्तन ताडता येत नाही.

यास्तव राज्यात गुलाबाच्या जातींची विभागवार चाचणी पद्धतशीरपणे व्हावी, आणि तिचे निकाल सामान्य ग्राहकास समजतील अशा भाषेत प्रसिद्ध व्हावेत. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. दापोली, राहुरी, परभणी व अकोला येथे कृषि विद्यापीठे आहेत, पुण्यात पुष्पसंशोधन संचालनालय आहे. प्रत्येक ठिकाणी तीच जात, त्याच खुंटावर, निदान दहा झाडे व निदान तीन वर्षे लावावी. शेजारी ओळखीची तुल्य जात असावी. अर्ध्या झाडांवर नेहमीची फवारणी करावी व अर्धी तशीच सोडावी. घरगुती बागेत आठवड्यास फवारणी होत नाही, आणि होऊही नये. तेव्हा फवारणीवाचून जे झाड तगते, तेच घरासाठी खरे.

नोंद फुलांच्या संख्येपुरती असू नये. भाद्रपदाच्या अखेरीस झाडावर किती पाने उरली, जून व ऑक्टोबरच्या छाटणीनंतर किती दिवसांत फूट आली, उन्हाळ्यात किती फांद्या वाळल्या आणि तिसऱ्या वर्षाअखेर दहांपैकी किती झाडे जिवंत आहेत, हे चार आकडे दुसऱ्या कोणत्याही वर्णनापेक्षा ग्राहकास अधिक सांगतील. सुगंधासाठी वेगळे गुण अवश्य द्यावेत. आणि मेलेली झाडे हिशेबातून वगळू नयेत. चाचणीच्या अहवालात सरासरी काढताना जिवंत झाडेच मोजण्याची खोड फार जुनी आहे. या ओळीत संकरितांबरोबर हाराच्या फुलांचा एडवर्ड गुलाबही लावावा. नव्या जातीचा डौल त्याच्या शेजारी कितपत टिकतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

यावर हौशी गुलाबप्रेमींचा आक्षेप ठरलेला आहे : काटकपणा हीच कसोटी धरली तर सौंदर्य मागे पडेल व बागेत सर्वत्र तीच चार रांगडी झाडे दिसतील. आक्षेप अगदीच निराधार नाही. ज्यास एका अप्रतिम फुलासाठी वर्षभर झाडाची सेवा करण्याची हौस आहे, त्याने ती जरूर करावी. त्यास कोणी अडवीत नाही. परंतु ज्या गृहिणीने चार कलमे विकत घेतली, अथवा ज्या शेतकऱ्याने दहा गुंठ्यांत गुलाब लावून त्यावर वर्षाचा खर्च बेतला, त्यांनी अशा सेवेची तयारी दर्शविलेली नसते. विक्रेत्याने त्यांस ही गोष्ट आधी सांगितलेलीही नसते. चाचणीचा निकाल चिठ्ठीवर छापला, तर हौशी माणूस डोळसपणे जोखीम घेईल व इतरांचा पैसा वाचेल. प्रामाणिक रोपवाटिकाकारासही त्यात तोटा नाही. आज त्याचे चांगले कलम व शेजाऱ्याचे निकृष्ट कलम एकाच भावात उभे असते.

चाचणीचे निकाल हाती येईपर्यंत खरेदीदाराने एवढे तरी करावे. जात हिवाळ्यात फूल पाहून ठरवू नये. आपल्याच गावात अथवा सारख्याच जमिनीच्या शेजारच्या गावात ती कोणाकडे तीन वर्षे उभी आहे काय, याचा शोध घ्यावा आणि ते झाड गणपतीच्या दिवसांत जाऊन पाहावे. खुंटाचे नाव विचारावे. विक्रेत्यास ते सांगता येत नसेल तर मोठी खरेदी टाळावी. नव्या जातीची पाच-दहा झाडेच प्रथम लावावी.

चाचणी घेऊ इच्छिणाऱ्या केंद्रांना मात्र विलंब करून चालणार नाही. खुंटाच्या कांड्या पावसाळ्याच्या आरंभी लावल्या, तरच त्यांवर हिवाळ्यात डोळे भरता येतात आणि तयार कलमे पुढच्या जूनमध्ये शेतात जातात. एका पावसाळ्याची चालढकल म्हणजे निकालास पुरे एक वर्ष उशीर.