पंक्तिप्रपंच

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्यांची मुले दुपारी सरकारी शाळेच्या व्हरांड्यात ताटली घेऊन बसतात. ‘ती शिकायला कुठे, खिचडी खायला जातात,’ असे आपण सुशिक्षित सहज बोलून जातो. भुकेलेले मूल अन्नासाठी शाळेत येत असेल, तर लाज त्याला वाटावी की आपल्याला, हा प्रश्न मात्र आपल्या मनात येत नाही.

अमेरिकेत फुकट वा सवलतीचे जेवण किती मुलांना मिळते, यावरून शाळेतली गरिबी मोजतात. त्यासाठी पालकांची मिळकत तपासली जाते. आपल्याकडे १९९५ साली सुरू झालेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेल्या अन्नाची झालेल्या शालेय जेवणाच्या योजनेत ही चौकशी नाही. सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला ताट मिळते; जात वा मिळकत कोणी विचारत नाही. कायद्याने एकच पंगत मांडली. ती मोडली आपण. फी परवडताच आपण आपली मुले उठवून नेली आणि मागे उरलेल्यांच्या ताटावर गरिबीचा शिक्का बसला. पूर्वजांनी जातीने पंगती मांडल्या आणि त्याला धर्म म्हटले. ते वाचून आपण शरमतो. पण फीच्या पावतीवर मांडलेल्या नव्या पंगतीला मुलांचे भवितव्य म्हणतो. आंधळेपण तेच, वारशाने आलेले.

त्याची किंमत कोण मोजते? प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रात त्यात आठवड्याला एका अंड्याची भर पडली. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंड्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीकडे बोट दाखवले. आपल्या दिवाणखान्यांत त्याची चर्चादेखील झाली नाही, कारण ते अंडे आपल्या मुलाच्या ताटातले नव्हते. ज्यांचा शब्द कचेरीत ऐकला जातो ते पंगतीतून उठले, आणि उरलेल्या आईबापांना तक्रारीपायी दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही.

माणसांनी मांडलेली पंगत माणसांना बदलता येते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. आपली मुले त्या व्हरांड्यात बसू लागली, की खिचडीतल्या खड्याची लेखी तक्रार आपणच करू आणि बंद झालेल्या अंड्याचा जाबही आपणच विचारू. तो जाब आजही विचारता येतो. त्यासाठी ताट आपल्याच मुलाचे असले पाहिजे, ही अट आपणच घातली आहे.