नाकावाटे

या अंकाचा विषय ‘सुगंध’ ठरवला आणि तुम्ही भरभरून लिहिलंत. आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाचा भात शिजताना घरभर दरवळतो, हे तर कितीतरी लेखांत आलं. का येऊ नये? २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पाहुण्यांच्या पानात तो भात वाढताना आपली मान जरा ताठच असते. पण हे पाहुणेच वर्षभर मला एक वाक्य ऐकवत आले आहेत. गाडीतून उतरायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, “तुमच्याकडची हवा किती छान!” आपणही मान डोलावतो. याचीच मला चीड येते.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला, २०२५ मध्ये साहित्य संमेलन दिल्लीला झालं, डॉ. तारा भवाळकर त्याच्या अध्यक्ष झाल्या. मनापासून आनंद आहे. त्याच दिल्लीच्या हवेचे आकडे आपण हिवाळाभर टीव्हीवर बघतो आणि हळहळतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत नागपूर आहे, चंद्रपूर आहे, जबलपूर आहे. बालाघाट नाही. यादीत नाही म्हणजे हवा चांगली, असं आपण धरून चाललो आहोत.

भरवेली आपल्याला लागून आहे. तिथली खाण म्हणजे आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण, असं आपण कौतुकाने सांगतो, आणि या खाणीने हजारो घरं उभी केली हेही खरं. पण मँगनीजचा स्वभाव समजून घ्यायला हवा. अन्नातून तो थोडा लागतोच. जास्तीचा यकृत पित्तावाटे काढून टाकतं. श्वासातून गेलेला मात्र यकृताला चुकवून रक्तात आणि मेंदूपर्यंत पोचतो. उंदरांवरच्या प्रयोगांत तर तो वासाच्या मज्जातंतूतूनच मेंदूकडे जाताना दिसला. म्हणजे चिन्नोरचा दरवळ ज्या वाटेने आत येतो, त्याच वाटेने.

१८३७ मध्ये ग्लासगोच्या जॉन कूपर या डॉक्टरने मँगनीज दळणाऱ्या मजुरांचं वर्णन लिहून ठेवलं: पायांतलं बळ गेलेलं, चालताना झोक जातो, आवाज पुटपुटल्यासारखा. पुढे कळलं की चेहरा मुखवट्यासारखा होतो, अक्षर बारीक होत जातं. कंपवातासारखंच दिसतं, पण कंपवाताचं औषध फारसं लागू पडत नाही. आपल्याकडे खाणकामगाराला झालेली मँगनीजची विषबाधा सरकारला कळवणं बंधनकारक आहे. पण खाणीच्या फाटकाबाहेर राहणाऱ्यांचं काय? २००९ च्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत १२ घटक आहेत. शिसं आहे, आर्सेनिक आहे, निकेल आहे; मँगनीज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र त्याला वर्षाच्या सरासरीची मर्यादा सुचवली आहे, घनमीटरमागे ०.१५ मायक्रोग्रॅम. आपल्या गावच्या हवेतल्या मँगनीजचा आकडा रोज नगरपालिकेच्या फलकावर लागला पाहिजे. बाजारभाव लागतात तसा.

आणि धूळ काही एकट्या खाणीचीच नसते. श्रावणात मावशीला दवाखान्यात नेलं. दोन वर्षांचा खोकला. तिने बावीस वर्षं राइस मिलमध्ये धान पाखडलं आहे. संध्याकाळी घरी यायची तेव्हा भुवयांवरसुद्धा कोंडा असायचा, आणि आम्ही मुलं ‘मावशी म्हातारी झाली’ म्हणून हसायचो. चिठ्ठीवर नाव, वय, गाव लिहिलं गेलं, खाली ‘दमा’. काम काय करता, घर कुठे, चूल कशावर पेटते, हे कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. कोंडा हे तिच्या लेखी दुखणं नव्हतंच, रोजी होती.

दिवाळीत फटाके कमी उडवा, हे दरवर्षी लिहितो, यंदाही लिहितो. पण ते दोन दिवसांचं झालं. शहरातल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की चिठ्ठीवर वयाच्या शेजारी कामाची एक ओळ वाढवा. आणि वाचकहो, त्यांनी नाही विचारलं तर तुम्हीच सांगा.

दुसऱ्या खेपेला मावशीच्या चिठ्ठीवर मी माझ्याच पेनाने लिहिलं: ‘राइस मिल, २२ वर्षं.’ डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढला, आणि तिला पहिल्यांदाच नळीत फुंकायच्या तपासणीला पाठवलं.