नावाची घाई

बागेतल्या जास्वंदीवर लोंबकळणाऱ्या शिंजिराला आपल्याकडे पुष्कळजण बेधडक ‘हमिंगबर्ड’ म्हणून मोकळे होतात. खरा हमिंगबर्ड उत्तर व दक्षिण अमेरिकेखेरीज कोठेच आढळत नाही, आणि त्याची सोयरीक शिंजिराशी नसून पाकोळ्यांशी आहे. परंतु नाव देण्याची ही घाई केवळ आपलीच नव्हे. ज्यांच्या अंगणात खरे हमिंगबर्ड येतात, त्यांनाही ती आवरत नाही. आणि तिची खरी परीक्षा होते ती एखादे चमत्कारिक दिसणारे कोवळे पाखरू समोर आले म्हणजे.

प्रौढ नर गळ्यावरच्या झळाळत्या पट्ट्यावरून चटकन ओळखू येतो. कोवळा पक्षी मात्र, नर असो वा मादी, बहुधा मादीसारखाच दिसतो. ‘रूबी-थ्रोटेड’ आणि ‘ब्लॅक-चिन्ड’ या जातींची पिले तर इतकी सारखी, की जाणकारांनाही पंखातले सर्वांत बाहेरचे पीस पाहावे लागते. ब्लॅक-चिन्डचे ते पीस टोकाशी रुंद व बोथट असते, रूबी-थ्रोटेडचे निमुळते. ‘रूफस’ आणि ‘ॲलन्स’ यांच्या पिलांत शेपटीच्या पिसांची रुंदी मोजावी लागते. त्यातच कपाळाला पराग माखले, की नेहमीचाच पक्षी पिवळ्या टोपीचा पाहुणा वाटू लागतो!

अशा वेळी मनाला दोन मोह पडतात. एक म्हणतो, ‘ही दुर्मीळ जात!’ दुसरा म्हणतो, ‘हा संकर!’ पहिल्या मोहाला आपण उतावीळपणा म्हणतो. दुसऱ्याला मात्र विद्वत्ता समजतो. माझ्या मते दोन्ही एकाच माळेचे मणी आहेत. हमिंगबर्डमध्ये संकर होतात, हे खरेच. ‘ॲनाज’ आणि ‘कोस्टाज’ या जातींचे संकर ठाऊक आहेत. परंतु संकर म्हणणाऱ्याने आईबाप कोणते ते सांगावे, दोघांच्या खुणा दाखवाव्यात आणि मापे जुळवून द्यावीत. त्याआधी वय तपासावे. कोवळ्या पक्ष्याच्या वरच्या चोचीवर बारीक खाचा असतात आणि त्या पुढे काही महिन्यांत बुजत जातात. मग पिसे झडण्याची अवस्था पाहावी. वयाने आणि पिसांनी उलगडा होत असेल, तर संकराला साकडे कशाला?

घाई किती महागात पडते, पाहा. १९०९ साली बोगोटा शहरात विकत घेतलेले एका निळ्या हमिंगबर्डचे कातडे अमेरिकेतील एका संग्रहालयात होते. पक्षी नेमका कोठला, याची नोंद नव्हती. १९९३ मध्ये गॅरी ग्रेव्ह्ज या शास्त्रज्ञाने ती नवी जात म्हणून जाहीर केली. २०१० मध्ये डीएनए तपासणीनेही तिला दुजोरा दिला. जात कदाचित नामशेष झाली असावी, अशी हळहळही व्यक्त झाली. पुढे कोलंबियात तसाच एक पक्षी जिवंत आढळला आणि नव्या जनुकीय अभ्यासात तो संकर ठरला. त्याच्या जनकांपैकी एक होता ‘लाँग-टेल्ड सिल्फ’. म्हणजे जी जात कधी नव्हतीच, तिच्यासाठी आपण सुतक पाळत होतो! आणि हे ग्रेव्ह्जसारख्या माणसाच्या बाबतीत घडले, ज्याने स्वतः अशा अनेक संकरांचा छडा लावला होता.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. वाट चुकून दूर आलेल्या खऱ्या पाखराला ‘संकर असेल’ म्हणून झटकून टाकले, तर त्या जातीच्या बदलत्या वाटांची एक खूण कायमची पुसली जाते.

आपल्या परीक्षापद्धतीत जागा रिकामी सोडणाऱ्याला शून्य गुण मिळतात; म्हणून ठाऊक नसले तरी काहीतरी लिहिण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. पक्षीनिरीक्षकाच्या वहीत हा नियम उलटा हवा. तारीख, ठिकाण, चोच, पिसे, शेपटी हे सारे काटेकोर लिहावे, छायाचित्र जोडावे आणि पुरावा तोकडा असेल तर नावाच्या रकान्यात ‘जात अनिश्चित’ असे स्वच्छ लिहावे. अशी नोंद उद्याच्या अभ्यासकाला पुन्हा उघडता येते. चुकीचे नाव मात्र नकाशावर एकदा चढले, की ते उतरवण्यात पिढ्या जातात.