तीस दिवसांत कादंबरी, पण कशासाठी?

नोव्हेंबर आला की जगभरात कितीतरी माणसं एक अवघड काम अंगावर घेतात. तीस दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची. म्हणजे रोज १,६६७ शब्द. मी वहीत मोजून पाहिलं, माझ्या अक्षरात जवळजवळ अकरा पानं होतात. जुलै १९९९ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात क्रिस बॅटी आणि त्याच्या मित्रमंडळींनी हा खेळ सुरू केला तेव्हा एकवीस जण होते. पुढच्या वर्षापासून तो नोव्हेंबरात गेला. त्यात परीक्षक नाही. जो पूर्ण करील तो जिंकला.

अशा घाईत साहित्य होतं का, असं आमच्या स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. 'वॉटर फॉर एलिफंट्स' आणि 'द नाईट सर्कस' या गाजलेल्या कादंबऱ्यांचे कच्चे मसुदे या महिन्यांत झाले, पण ते तसेच छापले गेले नाहीत. नंतर पुष्कळ काम करावं लागलं. तरीही मला वाटतं, माणसं हे ओझं पुस्तकासाठी उचलतच नाहीत. ती उचलतात डोक्यातल्या लाल पेनाला महिनाभर गप्प बसवण्यासाठी.

तो लाल पेन मला चांगला माहीत आहे. वीस वर्षं तो माझ्याच हातात आहे. बी.एड.ला चुका शोधायला शिकले, त्या आधी स्वतःच्याच सापडू लागल्या. आम्हा मराठी मुसलमानांच्या डोक्यात तर असे दोन परीक्षक बसलेले असतात. एक म्हणतो, हे शुद्ध मराठी नाही. दुसरा म्हणतो, ये कैसी उर्दू? घरात बोलतो ती दखनी दोघांनाही चालत नाही. मग वही कोरी राहते.

माझी नानी सोलापुरात विड्या वळायची. तिची गोष्ट लिही, म्हणून अम्मी मागे लागलेली असायची. "लिख ले बेटा, मैं गई तो कौन बोलेंगा?" मी म्हणायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत नीट बसून लिहीन. तीन वर्षांपूर्वी अम्मी गेली. नानी तेंदूची पानं कशी भिजवायची, रात्री कंदिलाजवळ कोणतं गाणं म्हणायची, हे विचारायला आता कोणी उरलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी ते आव्हान घेतलं. सकाळचे डबे, शाळा, पेपर तपासणी यातून १९,००० शब्दांपर्यंत पोहोचले. म्हणजे हरले. पण त्या महिन्यात नानीचं एक वाक्य आठवलं. रोज हजार विड्या द्याव्या लागत, खराब निघतील त्या कारखान्यात छाटमध्ये जात. "छाट तो निकलतीच," ती म्हणायची, आणि पुढचं पान घ्यायची. तिची हजाराची मोजणी पोटासाठी होती आणि छाटीचं नुकसानही तिच्याच माथी यायचं. माझी छाट फक्त वहीत राहते. मग मी कशाला घाबरत होते?

हा उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये आपलं काम बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी, २०२४ मध्ये, कृत्रिम बुद्धिमत्तेबाबतच्या भूमिकेवरून तिच्यावर बरीच टीका झाली होती. यंत्र ५०,००० शब्द काही मिनिटांत देईल, हे खरं. पण माझ्या नानीचा कंदील त्याला माहीत नाही. आणि लिहिताना जे आठवत गेलं, ते त्या तीस दिवसांशिवाय आठवलं नसतं.

संस्था नसली तरी तारीख आणि सोबत आपण ठरवू शकतो. एकटीने केलेला निश्चय चौथ्या दिवशी मोडतो. कोणीतरी "आज किती झालं?" विचारणारं असलं की टिकतो. म्हणून यंदा मी आणि शाळेतल्या एक बाई, दोघी मिळून रोज दोन पानं लिहिणार आहोत. दखनी आली तर येऊ द्यायची, तीस दिवस खोडायचं नाही. तुमच्या घरात अजून सांगणारं कोणी असेल, तर तुम्हीही एक वही घ्या आणि आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा.